प्रा. हाइन्झ स्टाइनिट्झ आणि सुवेझच्या वाटेने आलेली मासळी

आपण बेने इस्राएल मूळचे समुद्रकाठचे. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे कित्येक शतके अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण, पनवेल या मुलुखात आपली वस्ती झाली. तेलाचा घाणा हा आपला धंदा असला तरी ताटात मासळी आली ती कोळीवाड्यातूनच. सुरमई, पापलेट, रावस, बोंबील ही नावे आपल्या घरात जितकी सहज येतात तितकी सहज ती दुसऱ्या कोणत्याही इस्राएली घरात येत नसतील. म्हणून अश्दोद किंवा अश्कलोनच्या बाजारात आपल्यापैकी कोणी सुरमई पाहिली की त्याला आनंद होतो आणि लगेच एक प्रश्नही पडतो. हा तर हिंदी महासागरातला मासा. तो भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात या देशातील एका पिता-पुत्राने आपली उमेद खर्च केली. पित्याचे नाव डॉ. वाल्टर स्टाइनिट्झ आणि पुत्राचे नाव प्रा. हाइन्झ स्टाइनिट्झ. एलाथला जाऊन आलेल्या वाचकांनी पुत्राचे नाव कदाचित ऐकले असेल, कारण तेथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला ते दिलेले आहे. परंतु त्या नावामागे काय काम आहे हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. ते काम आपल्या जुन्या समुद्राशी आणि नव्या समुद्राशी सारखेच निगडित आहे; म्हणून त्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्रेस्लावचा डॉक्टर

वाल्टर स्टाइनिट्झ यांचा जन्म १८८२ सालचा. जर्मनीतील ब्रेस्लाव शहरात ते वैद्यकीचा व्यवसाय करीत. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. पोट वैद्यकीवर भरत असले तरी त्यांचे मन प्राणिशास्त्रात, त्यातही समुद्रातल्या जिवांत रमे. १९१९ साली, म्हणजे पहिले महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले असताना, त्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर सागरी प्राण्यांच्या अभ्यासाचे एक केंद्र उभारावे, अशी त्यात मागणी होती. त्या वेळी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचेही दरवाजे उघडले नव्हते. ते उघडले १९२५ साली. दलदल उपसणे, रस्ते बांधणे, हिवतापाशी झुंजणे हीच कामे ज्या देशात पुरून उरत होती, तेथे शिंपले आणि खेकडे मोजण्याचे केंद्र कोण काढणार? केंद्र काही निघाले नाही.

डॉक्टरसाहेब मात्र स्वस्थ बसले नाहीत. १९२४ साली ते स्वतः या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी प्राणी गोळा केले. त्यावरचा त्यांचा पहिला मोठा लेख १९२७ साली नेपल्स येथील सागरी केंद्राच्या नियतकालिकात आला. त्यात एका माशाची नोंद आहे. हा मासा खडकांवरचे शेवाळ खातो, त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असते, आणि इस्राएलमध्ये त्याला आज ‘सीकान’ म्हणतात. त्याचे मूळ घर तांबडा समुद्र. भूमध्यात त्याच्या अस्तित्वाची पहिली शास्त्रीय नोंद ती हीच. १९२९ साली त्यांनी याच विषयावर दुसरा लेख लिहिला. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्राणी भूमध्यात कसे येत आहेत, हाच त्याचा विषय होता. आपण एका मोठ्या घडामोडीच्या सुरुवातीला साक्षीदार म्हणून उभे आहोत, हे या वैद्याने ओळखले होते.

कालव्याने काय केले

येथे थोडे मागे जाऊन सुवेझ कालव्याची हकिकत पाहिली पाहिजे. फ्रेंच मुत्सद्दी फर्दिनांद द लेसेप्स यांच्या खटपटीने खणलेला हा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. मुंबईच्या व्यापाराला त्याने केवढी बरकत आणली हे आपल्याला ठाऊकच आहे. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींचा आफ्रिकेला पडणारा वळसा वाचला. परंतु जहाजांसाठी उघडलेल्या वाटेने समुद्रातील जीवही जातील, याचा विचार त्या वेळी फार थोड्यांनी केला.

पनामा कालव्यात जहाजे दरवाज्यांच्या टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि मध्ये गोड्या पाण्याचे तळे लागते. सुवेझच्या कालव्यात असे दरवाजे नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग खारे पाणी आहे. वर्षाचा बहुतेक काळ पाण्याचा ओघ तांबड्या समुद्राकडून भूमध्याकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. उन्हाळा संपता संपता तो काही काळ उलटा फिरतो. त्यामुळे माशांची अंडी, खेकड्यांची सूक्ष्म पिल्ले आणि शिंपल्यांची पिल्ले उत्तरेकडे वाहत जाण्याचा संभव अधिक.

तरीसुद्धा पहिली काही दशके ही वाट सोपी नव्हती. वाटेत दोन अडथळे होते. पहिला अडथळा कडू सरोवरांचा. कालवा खणण्यापूर्वी ही सरोवरे कोरडी पडली होती आणि त्यांच्या तळाशी मिठाचा प्रचंड थर साचलेला होता. पाणी आत आल्यावर हे मीठ विरघळू लागले आणि तेथले पाणी इतके खारट झाले की बहुतेक समुद्री जीव त्यातून पार होऊच शकत नसत. मीठ हळूहळू विरघळून वाहून गेले, तसतसे पाणी निवळले. दुसरा अडथळा नाईल नदीचा. दर वर्षी पुराच्या दिवसांत नाईलचे गोडे पाणी पोर्ट सैदच्या समोर पसरे आणि कालव्याच्या उत्तर तोंडाशी जणू पाण्याचाच बांध उभा राही. अस्वानच्या मोठ्या धरणाने १९६४ नंतर तो पूरही अडवला. अशा रीतीने एक अडथळा निसर्गाने आपोआप दूर केला, तर दुसरा माणसाने.

कालवाही तसाच राहिला नाही. आरंभी तो ८ मीटर खोल होता. जहाजे वाढली तसा तो खोल व रुंद होत गेला आणि आता त्याची खोली २४ मीटर आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये इजिप्तने त्याचा विस्तार करून वाहतूक आणखी वाढवली.

पुत्र या देशात येतो

हाइन्झ यांचा जन्म १९०९ साली ब्रेस्लावमध्येच झाला. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी हाइन्झ या देशात आले. जर्मन ज्यू डॉक्टरांचे, वकिलांचे व प्राध्यापकांचे जे लोंढे त्या काळी आले, त्यांपैकीच हे एक तरुण. हिब्रू विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे तेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

सुरुवातीला त्यांचे लक्ष गोड्या पाण्यातील जिवांकडे होते. या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४० साली उत्तरेकडील हुला सरोवराच्या काठी एका निराळ्याच बेडकाचे काही नमुने मिळाले. त्याच्या काळ्या पोटावर पांढरे ठिपके होते. मिळाले ते दोन मोठे बेडूक आणि दोन बेडूकमासे. त्यातही मोठ्या बेडकाने धाकट्याला गिळून टाकले! हाइन्झ स्टाइनिट्झ आणि प्राणिशास्त्रज्ञ हाइन्रिख मेंडेल्सोन या दोघांनी १९४३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि त्याला नाव दिले. पुढे १९५० च्या दशकात हुलाचे पाणी उपसून तेथे शेतजमीन करण्यात आली. १९५५ नंतर तो बेडूक कोणाला दिसला नाही आणि १९९६ साली तो नामशेष झाल्याचे आंतरराष्ट्रीय यादीत जाहीर करण्यात आले. परंतु २०११ साली हुलाच्या राखीव क्षेत्रात तो पुन्हा जिवंत सापडला. सापडलेला बेडूक तोच, हे ठरवता आले ते १९४३ च्या वर्णनामुळे. ज्याचे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही, तो प्राणी हरवला काय आणि सापडला काय, सारखेच.

१९५३ साली हाइन्झ यांनी या देशातील गोड्या पाण्याच्या माशांची टिपणांसह यादी प्रसिद्ध केली. यादी हा शब्द ऐकून वाचकांनी कंटाळू नये. त्यांच्या सबंध शास्त्रीय आयुष्याचा कणा यादी हाच होता, आणि एखादी यादी केवढी मोठी गोष्ट असू शकते हे पुढे दिसेलच.

जाळ्यात सापडलेला पुरावा

इकडे किनाऱ्यावर कोळी लोकांना नवी मासळी मिळतच होती. सुरमईची गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष आहे. भूमध्यातील सुरमईची पहिली नोंद आढळते ती १९३५ सालच्या एका सरकारी अहवालात. पॅलेस्टाईनच्या मासेमारीवरचा हा अहवाल लिहिला होता जेम्स हॉर्नेल यांनी. हे गृहस्थ पूर्वी मद्रास इलाख्यात मत्स्य खात्याचे प्रमुख होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर हयात घालवलेल्या माणसाला सुरमई दाखवावी लागत नाही, हे आपण समजू शकतो.

त्यानंतर आली १९५४-५५ ची ऊब. त्या हिवाळ्यात पूर्व भूमध्याचे पाणी नेहमीपेक्षा उबदार राहिले. इस्राएली ट्रॉलर तळाशी जाळे ओढून जी मासळी पकडीत, तिच्यात ‘बार्बुनिया’ला मोठा मान. हनुवटीखाली दोन मिशा असलेला हा तांबूस मासा बाजारात चांगला भाव खातो. त्या सुमारास जाळ्यातील बार्बुनियाची जात बदलत गेली. जुन्या भूमध्यी जातीच्या जागी तिचीच तांबड्या समुद्रातली चुलत जात मोठ्या प्रमाणात येऊ लागली. गिऱ्हाइकाला फरक कळला नसेल, पण हैफा येथील सागरी मत्स्य संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना तो कळला. पाण्याचे तापमान आणि मासळीचे वजन यांचे आकडे एकमेकांशेजारी मांडून त्यांनी १९५७ साली ते छापले.

त्याच दशकात आणखी एक पाहुणा आला. लांबट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, बारीक दातांच्या रांगा असलेला हा मासा. कोकणात ज्याला चोरबोंबील म्हणतात त्याच्याच जातकुळीतला, आणि आपल्या बोंबलाच्याच घराण्यातला! १९५० च्या दशकाच्या आरंभी तो भूमध्यात प्रथम सापडला आणि थोड्याच वर्षांत ट्रॉलरच्या टोपल्या त्याने भरू लागल्या. मुंबईहून विमानाने आलेली आपली कुटुंबे ज्या वर्षांत या देशात घरे शोधीत होती, त्याच वर्षांत बोंबलाचा हा भाऊबंद समुद्रात आपली जागा करीत होता. हा योगायोग पाहून हसू येते. मात्र माणसांच्या आलियाची आणि माशांच्या स्थलांतराची तुलना याहून पुढे नेऊ नये. माणूस जाणूनबुजून येतो, कायदा पाळतो, शेजाऱ्याशी बोलतो. मासा वाहत येतो आणि जे मिळेल ते खातो.

संशयी यादी

अशा नोंदी हैफा, जेरुसलेम, अलेक्झांड्रिया, बैरूत अशा अनेक ठिकाणी विखुरलेल्या होत्या. काही फ्रेंचमध्ये, काही जर्मनमध्ये, काही इंग्रजीत. कालव्यातील प्राण्यांचा अभ्यास स्विस प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड केलर यांनी १८८२ सालीच सुरू केला होता. १९२४ साली केंब्रिज विद्यापीठाची मोहीम कालव्यावर येऊन गेली होती. तिचे प्रमुख होते मन्रो फॉक्स. हे सारे एकत्र करून तपासण्याचे काम हाइन्झ स्टाइनिट्झ यांनी हाती घेतले.

१९६७ साली त्यांनी सुवेझमार्गे आलेल्या प्राण्यांची एक यादी छापली. मथळ्यातच तिला ‘तात्पुरती’ म्हटले होते. १९७० साली दुसरी यादी आली; तिला त्यांनी ‘चिकित्सक’ म्हटले. या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच त्यांची शास्त्रीय वृत्ती.

एखादा प्राणी सुवेझमधून आला असे म्हणणे सोपे आहे, सिद्ध करणे कठीण. समजा, हैफाच्या बंदरात एक अनोळखी शिंपला मिळाला. तो तांबड्या समुद्रातला आहे असे कोणी म्हणाले. पण त्याची ओळख नीट पटली आहे का? नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे? तो पूर्वीपासूनच भूमध्यात असेल आणि कोणाच्या दृष्टीस पडला नसेल, असे तर नाही? तो कालव्यातही सापडतो का, की एखाद्या जहाजाच्या तळाला चिकटून थेट मुंबई-कोलंबोहून आला? तांबड्या समुद्रात तो खरोखर राहतो, की तेथील नोंदच चुकीची आहे? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून नाव यादीत घालता येत नाही, आणि घातलेले नाव गाळण्याचे धैर्यही ठेवावे लागते.

त्यांच्या १९६८ सालच्या एका छोट्या लेखाचा विषयही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुवेझचा कालवा ही वाट आहेच, पण ते राहण्याचे ठिकाणही आहे, ही त्यातली दृष्टी. बरेचसे प्राणी कालवा एका झेपेत ओलांडीत नाहीत. ते कालव्यात आणि कडू सरोवरांत वस्ती करतात, तेथे त्यांची पिल्ले होतात, ती पुढे सरकतात. गाडीने एका दिवसात मुंबई गाठावी तसा हा प्रवास नव्हे. एका पिढीने पनवेलला घर करावे, दुसरीने ठाण्याला, आणि तिसरीने मुंबईत, असा तो प्रवास आहे.

कालवा बंद, काम सुरू

जून १९६७ च्या युद्धात कालवा जहाजांना बंद झाला आणि ५ जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. परदेशी जहाजांचा एक तांडा कडू सरोवरात आठ वर्षे अडकून पडला. व्यापाराच्या दृष्टीने हा काळ नुकसानीचा, पण सागरी जीवशास्त्राला मात्र त्याचा उपयोग झाला. जहाजे थांबली होती, पाणी थांबले नव्हते. जहाजांच्या तळाला चिकटून जाणारे जीव थांबले तरी स्वतः पोहत किंवा वाहत जाणारे जीव जाऊ शकत होते. शिवाय पूर्वेचा काठ इस्राएलच्या ताब्यात असल्याने हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांना कालव्यातील व कडू सरोवरातील नमुने गोळा करता आले. तोफांच्या टप्प्यात जाळे घेऊन जाणारी ही माणसे सैनिकांना विचित्रच वाटली असतील.

याच सुमारास हिब्रू विद्यापीठ आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांचा एक संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. तांबडा समुद्र आणि पूर्व भूमध्य यांतील जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते आणि इस्राएलच्या बाजूने धुरा होती हाइन्झ स्टाइनिट्झ यांच्याकडे. त्याआधी १९६२ व १९६५ साली इस्राएली शास्त्रज्ञांच्या मोहिमा तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागातील दाहलाक बेटांपर्यंत जाऊन आल्या होत्या. पाहुणा ओळखायचा तर त्याचे माहेर आधी पाहिले पाहिजे, हा विचार या साऱ्यामागे होता.

या कार्यक्रमात काम करणारे एक नाव येथे घेतलेच पाहिजे. फ्रान्सिस दोव्ह पोर हे रुमानियातून १९६० साली इस्राएलमध्ये आले होते. समुद्रतळाच्या वाळूत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जिवांचे ते जाणकार. सुवेझमार्गे होणाऱ्या या स्थलांतराला ‘लेसेप्सी स्थलांतर’ हे नाव त्यांनी दिले. कालव्याच्या शंभर वर्षांचा आढावा घेणारा त्यांचा लेख १९७१ साली आला आणि १९७८ साली याच विषयावर त्यांचे पुस्तक निघाले. आज जगभरचे शास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. मुद्दाम पाहण्यासारखी गोष्ट अशी की पोर यांनीही आपल्या याद्यांत ज्यांच्याबद्दल खात्री आहे असे प्राणी आणि ज्यांच्याबद्दल संशय आहे असे प्राणी निरनिराळे ठेवले. स्टाइनिट्झ यांची शिस्त पुढच्या हातात गेली होती.

एलाथची प्रयोगशाळा

१९६८ साली एलाथच्या दक्षिणेस, प्रवाळांच्या किनाऱ्यावर, हिब्रू विद्यापीठाची सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. ती उभारण्यामागे हाइन्झ स्टाइनिट्झ होते. वडिलांच्या टिपणाला तेव्हा ४९ वर्षे होऊन गेली होती आणि वाल्टर १९६३ साली निवर्तले होते. त्यांना भूमध्याच्या काठी केंद्र हवे होते. पुत्राने ते तांबड्या समुद्राच्या काठी उभारले. यात विसंगती नाही. पाहुणे निघतात ते याच समुद्रातून, आणि येथील प्रवाळभित्ती जगातील सर्वांत उत्तरेकडच्या प्रवाळभित्तींपैकी आहे.

भारतातही याच सुमारास असेच वारे वाहत होते. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय पाहणी संपत आली असताना १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली आणि तिचे ठाणे गोव्यात बसले. आपल्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही देशांनी समुद्राकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची सोय साधारण एकाच वेळी केली.

एलाथच्या प्रवाळांवर लवकरच संकट आले. सप्टेंबर १९७० मध्ये अनपेक्षित मोठी ओहोटी लागली आणि उथळ पाण्यातील प्रवाळ उन्हात उघडे पडून मोठ्या संख्येने मेले. तेल अवीव विद्यापीठाचे योसी लोया यांनी त्याआधीच, १९६९ साली, तेथील प्रवाळांची मोजणी करून ठेवली होती. म्हणून त्यांना पुढची वर्षे तुलना करता आली. तेलाच्या बंदरापासून दूर असलेली भित्ती काही वर्षांत सावरली. तेलाचा तवंग वारंवार येत असे ती भित्ती मात्र सावरली नाही. १९७६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ओहोटीने केलेले नुकसान निसर्ग भरून काढतो. त्यावर तेल पडत राहिले तर भरून काढू शकत नाही, हे आकड्यांनी दाखवता आले, कारण संकटापूर्वी कोणीतरी मोजले होते.

हाइन्झ स्टाइनिट्झ यांना हा निष्कर्ष पाहता आला नाही. १९७१ साली त्यांचा अंत झाला. प्रयोगशाळेला जेमतेम तीन वर्षे झाली होती. तिला त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९८० च्या दशकात तीच वास्तू देशातील विद्यापीठांच्या सामाईक संस्थेचे घर झाली. १९७४ साली जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाउझेविट्झ यांनी तांबड्या समुद्रातील एका लहानशा माशाला स्टाइनिट्झ यांचे नाव दिले. हा मासा वाळूतील बिळात एका कोळंबीच्या जोडीने राहतो. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ उकरते. मासा दाराशी बसून पहारा करतो आणि धोका दिसला की शेपटी हलवून तिला इशारा देतो. जन्मभर समुद्राच्या दाराशी बसून कोण आत येतो हे पाहणाऱ्या माणसाला याहून शोभणारे स्मारक सुचणे कठीण.

आजचा हिशेब

त्यानंतरच्या काळात पाहुण्यांची संख्या फार वाढली. तांबड्या समुद्रातून भूमध्यात आलेल्या माशांच्याच जाती आता शंभराहून अधिक आहेत; शिंपले, खेकडे, जेलीमासे निराळेच. उलट दिशेने, भूमध्यातून तांबड्या समुद्रात गेलेल्या जाती त्या मानाने फारच थोड्या.

यात लाभही आहे. सुरमई आणि नवी बार्बुनिया बाजारात विकली जाते, कोळ्याला चार पैसे मिळतात. परंतु तोटेही लहान नाहीत. वाल्टर यांनी १९२७ साली नोंदवलेला सीकान आणि त्याचा दुसरा भाऊ यांनी पूर्व भूमध्यातील खडकांवरचे शेवाळ इतके खाल्ले की ठिकठिकाणी खडक उघडे पडले आणि त्या शेवाळात वाढणाऱ्या इतर जिवांचा आसरा गेला. १९७७ साली प्रथम दिसलेला भटका जेलीमासा १९८० च्या दशकापासून उन्हाळ्यात थव्यांनी येतो. तो पोहणाऱ्यांना डंख करतो, जाळी जड करतो, आणि वीजकेंद्रे समुद्राचे पाणी घेतात तेथील गाळण्या तुंबवतो. २००३ साली भूमध्यात एक फुगणारा विषारी मासा आला. त्याच्या विषाने २००५ ते २००८ या काळात इस्राएलमध्ये १३ माणसांना इस्पितळ पाहावे लागले. खवले नसलेला मासा खाऊ नये, हा आपल्या वाडवडिलांचा नियम ज्याने पाळला त्याला हे विष बाधण्याचे कारण नव्हते, एवढे येथे सहज नमूद करतो.

अलीकडची एक घटना तर अधिक विचार करायला लावणारी आहे. लांब काळ्या काट्यांचा एक समुद्री साळू तांबड्या समुद्रातून भूमध्यात जाऊन स्थिरावला होता. २००६ साली तुर्कस्तानात तो प्रथम आढळला. २०२२ साली भूमध्यात तो साथीच्या रोगाने मरू लागला, आणि २०२३ साली त्याच साथीने एलाथच्या किनाऱ्यावरील साळूही मेले. हे साळू प्रवाळांवर वाढणारे शेवाळ खाऊन त्यांना मोकळे ठेवतात; ते गेले तर प्रवाळांचा श्वास कोंडतो. पाहुणे ज्या घरून निघाले त्या घराच्या दारातही संकट पोचले. दोन समुद्र जोडले म्हणजे केवळ मासळीच जोडली जात नाही.

म्हणूनच २०१५ साली कालव्याचा विस्तार झाला तेव्हा बेला गालील आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनी जाहीर इशारा दिला. मार्ग बंद करा असे कोणी म्हटले नाही. जगाचा केवढा तरी व्यापार त्यावर चालतो. परंतु कडू सरोवरांनी पूर्वी मिठाचा जो पहारा ठेवला होता, तसा काही पहारा पुन्हा उभारता येईल का, याचा विचार व्हावा अशी सूचना शास्त्रज्ञ करीत आले आहेत. खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करताना जे अति खारट पाणी उरते, ते यासाठी वापरावे असेही सुचवले गेले आहे. हा निर्णय सरकारांचा आहे, पण त्याला लागणारा पुरावा याद्यांतूनच आला आहे.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. बोंबलाच्या त्या भाऊबंदाला साठ वर्षे एका जुन्या, दूरवर पसरलेल्या जातीचे नाव चालत होते. २०१५ साली शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासून दाखवले की तांबड्या समुद्रातला आणि भूमध्यातला हा मासा स्वतंत्र जात आहे. तिला त्यांनी लेसेप्स यांच्या नावावरून नाव दिले. जपून ठेवलेले नमुने पुन्हा बाहेर काढता आले, म्हणून ही दुरुस्ती करता आली. स्टाइनिट्झ यांच्या यादीतील एक ओळ अशी बदलली, आणि यादी त्यामुळे अधिक खरी झाली.

आपल्या घरांतील मुले-नातवंडे आता येथील विद्यापीठांत शिकतात. कोणी संगणकाकडे वळतो, कोणी वैद्यकीकडे. त्यांच्यातल्या एखाद्याला समुद्राची ओढ असेल तर घरच्यांनी त्याला हसू नये. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी मासळीची नावे तोंडपाठ केली, त्यांच्या वंशजांना हे शास्त्र परके नाही. आणि ज्या आजी अजून हयात आहेत त्यांना विचारून, कोणत्या माशाला आपण काय म्हणत होतो, कोणत्या महिन्यात तो मिळे, त्याचे खवले कसे असत, हे एका वहीत उतरवून घ्यावे. आज ती साधी वही वाटेल. उद्या कोणाला तरी तिच्यावरून मासा ओळखता येईल.